जमिनीखालचा साठा आणि सरकारचा निर्णय: भूवैज्ञानिकांच्या सल्ल्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाण, तेलविहीर, वायूक्षेत्र किंवा भूऔष्णिक (जमिनीतल्या उष्णतेवर चालणारा) प्रकल्प, कशालाही परवानगी देताना सरकार अशा गोष्टीबद्दल ठरवत असते जी कोणीच पूर्ण पाहिलेली नाही. तिच्याबद्दल जे काही कळते ते भूवैज्ञानिकांकडून कळते. ते आकडा देतात आणि तो किती खात्रीचा आहे हेही सांगतात. पण अहवालातला आकडा भाषणात आणि बातमीत जाईपर्यंत ही खात्रीची ओळ बहुतेक वेळा गळून पडते. कितीतरी चुकीचे निर्णय आणि कितीतरी अपेक्षाभंग त्या गळलेल्या ओळीतून जन्मतात, असे माझे ठाम मत आहे. खालची उत्तरे त्याच काळजीतून लिहिली आहेत.

भूवैज्ञानिक सरकारला नेमके काय सांगतात?

खाली काय आहे, साधारण किती आहे, त्यातले किती निघू शकेल, काढताना पाण्याचे, जमिनीचे आणि वस्तीचे काय होईल, आणि यातल्या प्रत्येक उत्तरावर किती भरवसा ठेवायचा. खाण व्हावी की होऊ नये, हे ठरवणे त्यांचे काम नाही. जंगल, पुनर्वसन, रोजगार, आयातीचा खर्च या सगळ्याचा हिशेब लोकांनी निवडून दिलेल्यांनी मांडायचा असतो. तो मांडताना खडकाबद्दलची माहिती खरी आणि पुरी मिळावी, यासाठी बहुतेक देशांत सरकारी भूवैज्ञानिक संस्था आहेत. ब्रिटनची १८३५ पासून, भारताची १८५१ पासून, अमेरिकेची १८७९ पासून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची सुरुवातच रेल्वेसाठी कोळसा शोधण्यातून झाली. म्हणजे हे नाते नवे नाही.

कोणी खाली जाऊन पाहिलेले नाही, मग आकडा येतो कुठून?

टप्प्याटप्प्याने. आधी जुने नकाशे, उपग्रहाची चित्रे, ओढ्या-नाल्यांतल्या गाळाचे नमुने. मग विमानातून चुंबकीय आणि गुरुत्व मोजणी. तेल-वायूसाठी भूकंपीय सर्वेक्षण, म्हणजे जमिनीत लहरी सोडून त्यांचे परत येणे ऐकणे. यातून कळते ते एवढेच की अमुक जागी खोदून पाहण्यासारखे काहीतरी आहे. खरी माहिती ड्रिलिंगपासून सुरू होते.

हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट, म्हणजे ड्रिलचे टोक, फिरत फिरत खाली जातो आणि पाचेक सेंटिमीटर जाडीची खडकाची कांडी वर येते. तिला कोअर म्हणतात. खणांच्या लांब पेट्यांत कांड्या ओळीने मांडतात आणि मध्ये खोली लिहिलेले लाकडी ठोकळे ठेवतात. भूवैज्ञानिक कोअरवर पाणी मारतो, कारण ओल्या खडकाचे रंग आणि शिरा उठून दिसतात. भिंगातून खनिज पाहतो, सौम्य आम्लाचा थेंब टाकून फसफस होते का बघतो, भेगा कोणत्या कोनात आहेत ते टिपतो. मग कोअर लांबीला उभी कापतात. अर्धी प्रयोगशाळेत जाते, अर्धी पेटीत राहते. ती का राहते, ते पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रयोगशाळेला पाठवलेल्या पिशव्यांत काही पिशव्या मुद्दाम घातलेल्या असतात. काहींत धातूचा मागमूस नसलेला खडक असतो, काहींत आधीच माहीत असलेल्या प्रतीचा. त्यांची उत्तरे चुकली तर पूर्ण गठ्ठा पुन्हा तपासला जातो.

आता समजा दोन बोअरमध्ये शंभर मीटर अंतर आहे. मधल्या खडकात काय आहे? ते गणिताने अंदाजायचे. दक्षिण आफ्रिकेचे खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये विटवाटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींसाठी याची एक पद्धत मांडली. फ्रान्सच्या जॉर्ज माथेरों यांनी तिला पक्का गणिती पाया दिला आणि क्रिग यांच्या नावावरून ती आज 'क्रिगिंग' म्हणून ओळखली जाते. तिचा मोठा गुण असा की ती आकड्याबरोबर त्या आकड्यातली अनिश्चितताही काढून देते. बोअर जवळजवळ असतील तर खात्री जास्त, दूरदूर असतील तर कमी.

'मोठा साठा सापडला' अशी बातमी येते आणि पुढे वर्षानुवर्षे काहीच होत नाही. असे का?

कारण 'सापडला' या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या पातळीची माहिती खपते.

जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्याचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे ५९ लाख टनांचा लिथियमचा साठा असल्याचे जाहीर झाले. देशभर आनंद झाला आणि जगातल्या मोठ्या लिथियम-देशांशी तुलनाही सुरू झाली. पण मूळ घोषणेत दोन गोष्टी होत्या. एक, हा अंदाज जी-३ पातळीचा होता. भारतात शोधाचे चार टप्पे मानतात. जी-४ म्हणजे प्राथमिक टेहळणी, जी-१ म्हणजे सविस्तर तपास. जी-३ हा त्यातला सुरुवातीकडचा टप्पा. दुसरी गोष्ट, ५९ लाख टन हे धातुकाचे वजन होते, म्हणजे लिथियम असलेल्या खडकाचे. शुद्ध लिथियम त्याचा अगदी लहान भाग. शिवाय ते चिकणमातीसारख्या खडकात आहे, आणि तशा खडकातून लिथियम काढण्याची पद्धत व्यापारी पातळीवर अजून रुळलेली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस हा पट्टा, म्हणजे खाणकामासाठीचा भूखंड, लिलावात आला. पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत आणि मार्च २०२४ मध्ये लिलाव रद्द झाला.

यात सर्वेक्षणाने काही चुकीचे सांगितले नव्हते. जी-३ असे स्पष्ट लिहिलेले होते. वाचले कोणी नाही.

जगभर जे वर्गीकरण चालते त्यात मुख्य फरक असा: खडकात जे आहे आणि कधीतरी काढता येईल असे वाटते ते संसाधन; आणि त्यातला आजच्या भावात, आजच्या तंत्राने, आजच्या कायद्यात फायद्याने काढता येईल असे सिद्ध झालेला भाग म्हणजे काटेकोर अर्थाने साठा. तांब्याचा भाव पडला तर खडक तोच राहतो, पण साठा आटतो. परवानगी नाकारली गेली तरी तेच. आणि सगळे जुळून आले तरी वेळ लागतो. २०१० ते २०१९ या काळात सुरू झालेल्या मोठ्या खाणींना शोधापासून पहिल्या उत्पादनापर्यंत सरासरी १६ वर्षांहून अधिक काळ लागला, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशेब आहे. पाच वर्षांच्या कार्यकाळासाठी निवडून आलेल्या सरकारला हे पचायला जड जाते.

'अमुक लाख कोटी डॉलरची खनिजे' असे आकडे खरे मानायचे का?

निर्णयासाठी नाही. २०१० मध्ये अफगाणिस्तानात जवळपास एक लाख कोटी डॉलरची खनिजे असल्याचे अमेरिकी अधिकाऱ्यांनी सांगितले. मागचे भूवैज्ञानिक काम चांगले होते: सोव्हिएत काळातले नकाशे आणि २००६ नंतरची विमानातून केलेली मोजणी. पण खडकातल्या धातूला बाजारभावाने गुणले की येणारी रक्कम कोणाच्याच खिशात पडणारी नसते. खाण, रस्ता, वीज, पाणी, शुद्धीकरण, सुरक्षितता या सगळ्यांचा खर्च त्यातून वजा व्हायचा असतो आणि तो कधीकधी मूळ रकमेपेक्षा मोठा निघतो. अशा आकड्यावर देशाचे अंदाजपत्रक बेतणे धोक्याचे.

कोणी मुद्दाम खोटे नमुने दिले तर?

दिले गेले आहेत. इंडोनेशियातल्या बुसांगचे प्रकरण खाण व्यवसायात आजही सांगितले जाते. ब्री-एक्स या कॅनेडियन कंपनीने तिथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचे सांगितले. कंपनीची बाजारातली किंमत सहाशे कोटी कॅनेडियन डॉलरच्या घरात गेली, आणि वाटा कोणाला किती यावर इंडोनेशियाचे सरकारही वाटाघाटीत उतरले. १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीत तिथे सोने नसल्यात जमा आहे असे निघाले. नमुन्यांत बाहेरून सोने मिसळलेले होते. त्याचे कण गोलसर होते, नदीच्या पाण्यात घासले गेलेल्या सोन्यासारखे. खडकातून थेट आलेले सोने तसे दिसत नाही.

कंपनीने कोअर अर्धी कापून ठेवलीच नव्हती. सगळीच्या सगळी दळून तपासणीला पाठवली होती. त्यामुळे पुन्हा तपासायला काही शिल्लक नव्हते. पेटीत राहणाऱ्या त्या अर्ध्या कोअरचे मोल इथे कळते.

या प्रकरणानंतर कॅनडाने २००१ मध्ये 'नॅशनल इन्स्ट्रुमेंट ४३-१०१' हा नियम आणला. साठ्याचा आकडा जाहीर करायचा तर एका पात्र तज्ज्ञाने नावानिशी त्याची जबाबदारी घ्यायची, पद्धत उघड करायची. ऑस्ट्रेलियात अशी जॉर्क संहिता १९८९ पासूनच होती. सरकारने कोणत्याही खासगी आकड्यावर पाऊल टाकण्याआधी खाली कोणाची सही आहे हे पाहावे. सही नसेल तर आकडाही नाही असे समजावे.

प्रामाणिक तज्ज्ञांचे अंदाजही एकमेकांपासून इतके दूर का असतात?

पोलंडचे पाहा. २०११ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने तिथे सुमारे ५,३०० अब्ज घनमीटर शेल वायू (शेल म्हणजे चिकणमातीपासून बनलेला पातळ थरांचा खडक, त्यात अडकलेला वायू) निघू शकेल असे म्हटले. रशियन वायूवरचे अवलंबन संपणार म्हणून वॉर्सात उत्साह पसरला. पुढच्याच वर्षी पोलिश भूवैज्ञानिक संस्थेने जुन्या विहिरींची माहिती घेऊन हिशेब केला आणि आकडा आला ३४६ ते ७६८ अब्ज घनमीटर. पुढे विहिरी खोदल्या तेव्हा वायू नीट वाहिलाच नाही आणि मोठ्या कंपन्या एकामागून एक निघून गेल्या. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे शेलमध्ये तर काढता येण्याजोग्या तेलाचा अंदाज २०१४ मध्ये १३.७ अब्ज बॅरलवरून ०.६ अब्जावर आला, म्हणजे ९६ टक्क्यांनी घटला.

दोन्हीकडे पहिला अंदाज दुसऱ्या ठिकाणच्या अनुभवावरून बांधलेला होता. आधी जिथे उत्पादन यशस्वी झाले तिथल्या शेलसारखाच हा शेल वागेल असे गृहीत धरले होते. पण माँटेरेचे थर घड्या पडलेले, तुटलेले आहेत. असे गृहीतक पहिल्या टप्प्यावर अपरिहार्य असते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र ते गृहीतक आहे हे मंत्र्याच्या टिपणीत पहिल्या ओळीत यायला हवे.

मग अशा अंदाजांचा सरकारला उपयोग तरी काय?

खूप. अट एकच, आकडा एक ठाम संख्या म्हणून नव्हे, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पल्ला म्हणून वाचायचा. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण अजून न सापडलेल्या तेलाचा अंदाज तीन पातळ्यांवर देते: एवढे तरी असण्याची शक्यता ९५ टक्के, एवढे असण्याची ५० टक्के आणि एवढे असण्याची फक्त ५ टक्के. २००८ मध्ये आर्क्टिकसाठी ९० अब्ज बॅरल तेलाचा आकडा आला तो सरासरी होती. बंदर बांधायचे की नाही हे ठरवणाऱ्याने ९५ टक्क्यांचा आकडा पाहावा. समुद्री पर्यावरणाला जास्तीत जास्त धोका किती हे पाहणाऱ्याने ५ टक्क्यांचा. एकाच अहवालातून दोन खात्यांनी दोन वेगळे आकडे उचलणे यात विसंगती नाही. हे ज्या देशात समजले आहे तिथे निर्णय बरे होतात.

तेल किंवा तांबे कधी संपणार, हे तज्ज्ञ सांगू शकतात का?

तारीख नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये अमेरिकेचे तेल उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठेल असे सांगितले आणि ते १९७० मध्येच गाठले. पुढे शेलमधून तेल काढण्याचे तंत्र आले आणि २०१८ मध्ये उत्पादन त्या शिखराच्याही वर गेले. खडक बदलला नव्हता.

कंपन्या शोध घेतातच, मग सरकारने सर्वेक्षणावर पैसा का घालायचा?

कारण पहिला नकाशा कोणा एकट्या कंपनीला परवडत नाही. ऑस्ट्रेलियातला ऑलिंपिक डॅम हा तांबे, सोने आणि युरेनियमचा अवाढव्य साठा १९७५ मध्ये सापडला. तो तीनशेहून अधिक मीटर निरुपयोगी खडकाखाली झाकलेला आहे. वरून चालत गेलात तर काहीच दिसत नाही. कंपनीच्या भूवैज्ञानिकांनी सरकारी संस्थेने आधीच करून ठेवलेली गुरुत्व आणि चुंबकीय मोजणी वापरून जागा निवडली. ती मोजणी झाली तेव्हा तिथे काय निघेल हे कोणाला ठाऊक नव्हते.

आणखी एक कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. सरकारकडे स्वतःची माहिती आणि ती वाचणारी माणसे नसतील तर वाटाघाटीच्या टेबलावर ते कंपनीच्याच आकड्यांवर बोलत राहते. स्वामित्वधन (रॉयल्टी) किती मागायचे, पट्टा किती वर्षांचा द्यायचा, हे समोरच्याच्या कागदावरून ठरते.

तज्ज्ञांचा सल्ला ऐकल्यामुळे एखाद्या देशाचे भले झाले, असे उदाहरण आहे का?

नॉर्वे. फारुक अल-कासिम हे इराकी पेट्रोलियम भूवैज्ञानिक १९६८ मध्ये तिथे आले. उत्तर समुद्रात तोवर खोदलेल्या विहिरींचे अहवाल उद्योग खात्यात पडून होते आणि ते नीट वाचणारी माणसे खात्यात मोजकीच होती. ते काम अल-कासिम यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी एकोफिस्क क्षेत्र सापडले. देशाने घाई न करता १९७२ मध्ये तेल संचालनालय आणि सरकारी तेल कंपनी या दोन वेगळ्या संस्था उभ्या केल्या. त्यांची आखणी करणाऱ्यांत अल-कासिम होते. पुढे संचालनालयात साधनसंपत्तीचा विभाग त्यांनी सांभाळला.

एकोफिस्कच्या चुनखडीतून सुरुवातीला जेमतेम १७-१८ टक्के तेल निघेल असे मानले जात होते. उरलेले खडकातच राहणार. संचालनालयाने पाणी आत सोडून तेल ढकलण्याचा आग्रह धरला. कंपन्यांना खर्चाची धास्ती होती. आधी लहान प्रमाणात प्रयोग झाला, १९८७ पासून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडणे सुरू झाले आणि आज पन्नास टक्क्यांच्या आसपास तेल निघेल अशी अपेक्षा आहे. नवा एकही साठा न शोधता केवढी भर पडली ते पाहा. कंपनीला प्रश्न विचारू शकणारा माणूस सरकारच्या बाजूला बसलेला होता, म्हणून हे झाले.

सल्ला दिला आणि सरकारने ऐकला नाही, तर?

मग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनसारखे होते. तिथला वायूसाठा १९५९ मध्ये सापडला, युरोपातला सर्वांत मोठा. वायू निघत गेला तसा वालुकाश्मातला दाब कमी झाला, खडक आकसला आणि जुन्या भेगांवर हलू लागला. धक्के लहान होते, पण केंद्र फक्त तीन किलोमीटर खोल आणि वरची जमीन मऊ, त्यामुळे विटांची घरे तडकली. ऑगस्ट २०१२ मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. जानेवारी २०१३ मध्ये सरकारच्याच खाण निरीक्षण संस्थेने लेखी सांगितले की उत्पादन शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितके कमी करा. सरकारने आणखी अभ्यास मागवले. आणि त्याच २०१३ मध्ये तिथून सुमारे ५४ अब्ज घनमीटर वायू काढला गेला, आधीच्या वर्षापेक्षा जास्त.

अभ्यास मागवणे वाईट नाही. पण अभ्यास चालू असताना उत्पादन चालू ठेवायचे की कमी करायचे, हाही एक निर्णय असतो, आणि अनिश्चिततेचा फायदा कोणाला द्यायचा हे त्यात ठरते. इथे तो तिजोरीला मिळाला, घरात राहणाऱ्यांना नाही. २०२३ मधल्या संसदीय चौकशीने रहिवाशांच्या हिताकडे सातत्याने दुर्लक्ष झाल्याचे स्पष्ट म्हटले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला उत्पादन थांबले आणि २०२४ मध्ये कायद्याने हे क्षेत्र कायमचे बंद झाले. जमिनीत वायू अजून भरपूर आहे.

'महत्त्वाच्या खनिजांची' यादी कशी ठरते?

२०१० मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीला कात्री लावली आणि सगळे देश यादी करायला बसले. युरोपची २०११ ची यादी १४ नावांची होती, २०२३ ची ३४ नावांची. अमेरिकेने २०२२ मध्ये ५० खनिजे नोंदवली, भारताने २०२३ मध्ये ३०. निकष साधारण दोन: अर्थव्यवस्थेला गरज किती आणि पुरवठा तुटण्याचा धोका किती.

भूवैज्ञानिकांचा खरा उपयोग इथे एका कमी बोलल्या जाणाऱ्या बाबतीत होतो. यादीतल्या कितीतरी धातूंची स्वतःची खाण नसते. गॅलियम मुख्यतः बॉक्साइटपासून ॲल्युमिना करताना मिळते, जर्मेनियम आणि इंडियम जस्ताबरोबर, टेल्युरियम तांबे शुद्ध करताना तळाशी बसणाऱ्या गाळातून. कोबाल्टही बहुतांश तांबे किंवा निकेलचे जोडउत्पादन. म्हणून 'गॅलियमचे पट्टे लिलावात काढा' असे धोरण निरर्थक ठरते. चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवाना लावला तेव्हा ज्या देशांकडे बॉक्साइट होते त्यांच्याकडेही गॅलियम नव्हते, कारण ते वेगळे काढण्याची सोय कारखान्यात बसवलेली नव्हती. अनुदान खाणीला द्यायचे की शुद्धीकरणाला, हे खनिज कुठल्या सोबतीने येते यावर ठरते.

हरित ऊर्जा आली की भूवैज्ञानिकांची गरज कमी होईल ना?

उलट वाढते. उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड वालुकाश्मात साठवला जात आला आहे, आणि तो कुठवर पसरला हे वारंवार भूकंपीय सर्वेक्षण करून पाहिले जाते. दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये भूऔष्णिक प्रकल्पासाठी खोल खडकात पाणी दाबाने सोडले गेले. एप्रिल २०१७ मध्ये तीनहून थोड्या जास्त तीव्रतेचा धक्का बसला, तरी काम पुढे चालले. १५ नोव्हेंबरला ५.५ तीव्रतेचा भूकंप झाला. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये निष्कर्ष दिला की पाणी सोडल्यानेच, आधी नकाशावर नसलेला प्रस्तरभंग, म्हणजे खडकातली मोठी भेग, हलला. एप्रिलच्या धक्क्याचा अर्थ लावून काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे परवाना देतानाच लिहिलेले असायला हवे.

तज्ज्ञांवर दबाव येत नाही का?

येतो. म्हणून रचना महत्त्वाची. अमेरिकेत समुद्रातले तेलपट्टे वाटणे, त्यांचा महसूल गोळा करणे आणि सुरक्षितता तपासणे ही तिन्ही कामे एकाच संस्थेकडे होती. एप्रिल २०१० मधल्या डीपवॉटर होरायझन अपघातानंतर ती संस्था मोडून तीन वेगळ्या संस्था केल्या गेल्या. महसूल वाढवायचे उद्दिष्ट आणि थांबा म्हणायची जबाबदारी एकाच खुर्चीत नसावी.

ही माहिती सामान्य नागरिकांना पाहता येते का?

बरीचशी येते. भारतात २०२३ च्या अखेरीस राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार खुले झाले. अनेक देशांत ठराविक काळानंतर कंपन्यांचे शोध अहवालही सार्वजनिक होतात. तुमच्या भागात खाण किंवा विहीर येणार अशी चर्चा असेल तर जनसुनावणीला जाण्याआधी मूळ अहवाल मागा. आकडा कोणत्या टप्प्याचा आहे, बोअर किती आणि किती अंतरावर आहेत, वजन धातुकाचे आहे की धातूचे, भूजलाची मोजणी पावसाळ्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा झाली आहे का, आणि खाली सही कोणाची आहे, एवढे पाहा. उत्तर अहवालात नसेल तर सुनावणीत लेखी विचारा आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.